जो बोलतो तो खरा

प्रिय सुमाआत्या,

आज दुपारी कुमुदमावशींचा फोन आला होता. तू गेल्याचं त्यांना आजच कळलं. मधले दिवस त्या मुलीकडे नाशिकला होत्या. त्यांना कळवायचं काम माझं होतं, म्हणजे अर्थातच ते झालेलं नव्हतं. थोडा वेळ त्या रडल्या. मग म्हणाल्या, "विनू, एकच विचारते. सुमी माझ्यावर रागावली होती का रे?"

मी काय म्हणालो, सांगू? म्हणालो, "छे हो मावशी. तिला दिसतच नव्हतं. तुम्ही आलात हे तिला कळलंच नाही."

त्या "बरं" म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, आणि का बसावा? तू त्यांना पाहिलं होतंस. पाहून तोंड फिरवलं होतंस. का फिरवलंस, ते आता फक्त मला ठाऊक आहे. तुझ्या लाडक्या भाचेसुनेला, माधवीलाही मी अर्धंच सांगितलंय. फोन ठेवल्यापासून मला माझीच इतकी लाज वाटतेय की कुणाशी तरी बोलायलाच हवं, आणि असं काही बोलायचं झालं की मी कायम तुझ्याकडेच येत आलोय.

तुला आठवतं का, शाळेत असताना मी विचारलं होतं की मला जो लाल रंग दिसतो, तोच तुलाही दिसतो का? घरात सगळे हसले. बाबा म्हणाले, आधी पाढे पाठ कर. तू तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस, दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून द्यायचीस. तू हसली नाहीस. म्हणालीस, "ठाऊक नाही बुवा. पण कराडचा एक व्यापारी रोज ट्रंक कॉल लावतो. त्याचा आवाज ऐकला की मला त्याची मिशी दिसते. चांगली भरघोस. आता ती आहे की नाही, देव जाणे. पण मला दिसते, हे तर खोटं नाही ना?"

त्या मिशीपायी मी तत्त्वज्ञानाचा मास्तर झालो. इथे कर्वेनगरच्या कॉलेजात मुलांना तेच शिकवतो, फक्त जड शब्दांत. की जग आपल्याला थेट भेटत नाही, डोळे आणि कान निरोप आणतात, आणि त्या निरोपांवरून मन आपलं चित्र तयार करतं. एकदा जेवताना मी हे तुला मोठ्या कौतुकाने ऐकवलं. तू आमटी वाढता वाढता म्हणालीस, "म्हणजे एक्स्चेंजच की. आणि एवढ्यासाठी तुला पगार देतात?"

मग तुझे डोळे गेले. कडेचं थोडंफार दिसायचं, मधलं सगळं धुरकट. आणि एका सकाळी चहा पिता पिता तू विचारलंस, "विनू, दिवाणावर कोण बसलंय रे? हिरव्या लुगड्यातली बाई आहे, दोन मुलं आहेत. बोलत का नाहीत?"

दिवाणावर इस्त्रीचे कपडे होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. डोक्यात काही बिघाड नाही. डोळ्यांकडून निरोप येईनासे झाले की काहींचं मन आपल्याच साठ्यातली चित्रं पुढे करतं. ही माणसं बोलत नाहीत, त्रासही देत नाहीत. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "लाइन मेली की ऑपरेटर स्वतःच नंबर फिरवत बसते. कळलं." रिक्षात बसल्यावर वर आणखी, "आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलले. आता न बोलणारी माणसं दिसतायत. फिट्टंफाट झाली."

तू घाबरली नाहीस. लाजलीस तर मुळीच नाही. लाजलो मी, आत्या.

जो कोणी दिवाणावर दिसेल त्याच्यापुढे तू चाचपडत पाण्याचा पेला नेऊन ठेवायचीस. मी वैतागायचो. एकदा तर तिथे कुणी नाही हे दाखवायला मी धपकन दिवाणावर जाऊन बसलो, तर तू कळवळून म्हणालीस, "अरे, मांडीवर बसलास त्या बाईच्या." मी म्हटलं, आत्या, हे पाणी कशाला? तर म्हणे, "खरा असेल तर पिईल. नसेल तर मी पिते. विचारल्याने काय बिघडतं?" या शहरात खऱ्या पाहुण्याला पाणी विचारतानाही लोक आधी घड्याळ बघतात, आणि तू नसलेल्यांची सरबराई करत होतीस. मनात कुठेतरी मला त्याची गंमतही वाटायची. पण ती घरातल्या घरात.

मग सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीला आले. तू त्यांना पाणी दिलंस आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढेही पेला ठेवून विचारलंस, "आणि यांचं काय काम आहे?" सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो आणि हळूच म्हणालो, "वय झालंय हो. डोकं जरा असं झालंय."

तुझं डोकं माझ्यापेक्षा शाबूत होतं. डॉक्टरांनी ते मला समोर बसवून सांगितलं होतं. तरीही मी ते बोललो, एका वर्गणी मागायला आलेल्या माणसासमोर माझी अब्रू राहावी म्हणून. तुझे कान तर शेवटपर्यंत तिखट होते. ऐकलं होतंस का गं तू?

त्याच संध्याकाळी मी तुला नियम घालून दिला. अगदी वर्गात सांगतो तसा, बोट वर करून. "आत्या, सोपं आहे. जो बोलतो तो खरा. जो बोलत नाही तो नाहीच. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही."

तू विचारलंस, "आणि एखादा खरा माणूस गप्प बसला तर?"

"दुसऱ्याच्या घरी येऊन गप्प कोण बसतं?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ऐटीत सांगितलं की ज्या प्रश्नावर मोठमोठ्यांनी जन्म घालवले, तो मी आत्यासाठी दोन वाक्यांत निकालात काढला. सगळे हसले. मीही हसलो.

तू नियम पाळलास. पेले बंद झाले. कधी कधी तुझी मान दिवाणाकडे वळायची आणि मग तू ती जपून परत खिडकीकडे न्यायचीस. मला वाटलं, चला, फरक पडला.

आणि आता कुमुदमावशी. एक्स्चेंजमध्ये तुमचे बोर्ड शेजारीशेजारी होते, आणि तुमचा तो खेळ मी लहानपणापासून बघत आलो. कुठेही भेटलात तरी आधी तू म्हणायचीस, "नंबर प्लीज." मग त्या म्हणायच्या, "राँग नंबर," आणि दोघी हसत सुटायच्या. तू सीनियर, म्हणून सुरुवात तुझी. तू बोलेपर्यंत त्या ओठ घट्ट मिटून समोर उभ्या राहायच्या. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा तशा उभ्या होत्या. मला हे माहीत होतं, आत्या. नियम करताना ते आठवलं नाही, एवढंच.

त्या दिवशी मी कुरिअरची वाट बघत दारातच होतो. फोनवर परीक्षेच्या ड्यूटीवरून कुणाशी तरी वाद चालला होता. मावशी जिना चढून आल्या. बेल वाजवायची वेळच आली नाही. मी हातानेच त्यांना "बसा" अशी खूण केली, त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं, आणि मी बोलत बोलत आतल्या खोलीत गेलो. त्या तुझ्यासमोर दिवाणावर जाऊन बसल्या असणार. तू "नंबर प्लीज" म्हणशील म्हणून वाट बघत.

मी बाहेर आलो तेव्हा दिवाण रिकामा होता आणि तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस.

"मावशी गेल्या पण?"

"कोण मावशी?"

"कुमुदमावशी. आत्ता आल्या होत्या ना."

तुझी मान दिवाणाकडे वळली. मग विचारलंस, "पोपटी साडी होती का?"

होती.

"मला वाटलं, त्यांच्यातलीच कुणी आहे. किती वेळ बसली होती. मी बघितलं नाही तिच्याकडे. तू सांगितलं होतंस ना, तसं." त्यात टोमणा नव्हता. जन्मभर टोमण्यांवाचून तुझं एक वाक्य पुरं झालं नाही, आणि नेमकं तेव्हा तू साधं बोललीस.

मी म्हणालो, फोन लावून देतो. तू नको म्हणालीस. फोनवर जिचा जन्म गेला, ती तू. "समोर बसली असताना तोंड फिरवलं मी तिच्यापासून. आता समोर जाऊनच बोलायला हवं. मला कात्रजला घेऊन चल."

कात्रज. माधवी रोज हिंजवडीला जाऊन येते, आणि मला तुला रिक्षात घालून कात्रजला नेणं जमलं नाही. आधी पेपर तपासायचे होते. मग पुलाचं काम निघालं. मग माझी कंबर धरली. ही सगळी कारणं खरी होती आणि तरी ती कारणं नव्हती. मला मावशींना तोंड दाखवायचं नव्हतं. तुला नसलेली माणसं दिसतात हे सांगावं लागलं असतं, आणि मग असलेल्या माणसाला ओळखायचा तो शहाणा नियम कुणी दिला, तेही. तू दोनदा आठवण केलीस. पुन्हा केली नाहीस. आणि एका सकाळी चहा घेऊन आलो तर तू उठलीच नाहीस.

समोरचं खरं आहे याची पक्की खात्री कुणालाच देता येत नाही, हे मी मुलांना दर वर्षी सांगतो, तोंडपाठ आहे मला. पण मग खात्री नसताना माणसाने वागायचं कसं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण मला स्वतःलाच ते सुचलं नव्हतं. तू तुझ्या परीने त्याचा निकाल लावला होतास. येईल त्याला पाणी. तेवढं चालू राहू दिलं असतं, तर त्या दिवशी तू पेला घेऊन मावशींजवळ गेली असतीस, आणि त्यांनी तो हातात घेतला असता.

तुझ्यावरही माझा थोडा राग आहे हं. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. काठी घे म्हटलं तर ती दाराआड लपवलीस, मीठ कमी कर म्हटलं तर लोणच्याची बरणी उशाशी ठेवलीस. मग हेच एवढं का ऐकलंस? सरांनी सांगितलं म्हणून? मी कसला सर तुझ्यापुढे?

उद्या रविवार आहे. सकाळी मी कात्रजला जातो. माधवीला बरोबर नेणार नाही, नाहीतर तीच माझी बाजू सावरून घेईल. मावशींना सांगेन की मी खोटं बोललो, सुमीने तुम्हाला पाहिलं होतं, पोपटी साडीसकट. जिन्यातलं ते वाक्य सांगेन, नियम सांगेन, आणि तू त्यांच्याकडे जायचं म्हणत होतीस, मीच नेलं नाही, हेही सांगेन. त्यांनी आत घेतलं नाही तर दारात उभं राहून सांगेन.

आणि दार उघडल्यावर सवयीने त्या ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिल्या, तर तुमचे ते दोन शब्द मी वापरणार नाही, ते तुमच्या दोघींचे. पण आधी मी बोलेन.

तुझा,
विनू