चुलवाणाची थंड भिंत

६ जानेवारी १९५८, शेळगाव
बारामतीहून एस.टी.नं पोचले. पीएच.डी. झाल्यावर सोबतचे सगळे परदेशात निघाले. मी निघाले आबासाहेबांच्या गुऱ्हाळावर! उसाचा रस उकळायच्या भट्टीच्या, म्हणजे चुलवाणाच्या भिंतीतून वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज करायची आहे. बिस्मथ-टेल्युरियमची माझी वडी भिंतीला टेकवली, की आतली बाजू तापते, बाहेरची गार राहते आणि मापकाचा काटा उजवीकडे सरकतो. 'डॉक्टरीणबाई' आल्याचं ऐकून बायका खोकल्याचं औषध मागायला आल्या. मी त्यांना काटा दाखवला. त्या हसल्या, मला गरम गूळ दिला. बोटं भाजली. मजेत आहे.

९ जानेवारी
चुलवाणात जाळ घालणाऱ्या सरुबाईशी गट्टी जमली. आधी हे काम तिचा नवरा झुंबर करायचा. रसाच्या मोठ्या कढईला, काहिलीला चीर गेलीय, माणसं भाजून मरतील, म्हणून गेल्या हंगामात तो आबासाहेबांशी भांडला. दुसऱ्या दिवसापासून नाहीसा. मुंबईला पळाला, असं आबासाहेब सांगतात.
"पायताण हितंच टाकून कोन मुंबईला जातंय, बाई?" सरुबाई म्हणाली.

१३ जानेवारी
आज वडी मागच्या, नव्या भिंतीवर लावली. काटा डावीकडे गेला. भर दुपारी, चुलवाण धडधडत असताना! वडी बदलली, तारा बदलल्या. तेच. म्हणजे भिंत हवेहूनही गार. हात लावून पाहिला. विटांवर दव होतं.

१५ जानेवारी
आबासाहेबांनी सुनावलं, बाईमाणसानं भिंतीच्या नादी लागू नये, उद्याच्या गाडीनं पुणं गाठावं. झुंबर गेला त्याच आठवड्यात ही भिंत त्यांनी बांधून घेतली, असं सरुबाई सांगते. काटा आता थडथडतो, आतून कुणी थापा मारल्यासारखा. भीती वाटते. वाटू दे. मी जाणार नाही.

१६ जानेवारी, सकाळ
आम्ही दोघींनी जाळ विझवला. आबासाहेब माणसं आणायला गेलेत. सरुबाईनं पहार घातली. एक वीट निघाली. आत हात घालून बघते —

दुपार
डाव्या हातानं लिहितेय. उजवा आत आहे. कुणीतरी धरलाय. बर्फासारखी बोटं — सरुबाईनं "मालक" म्हणून नवऱ्याला हाक मारली, तशी थरथरली —

माणसं आली. चुलवाण पेटवा, असं आबासाहेब ओरडताहेत. पेटवू देत. हा हात मी सोडणार नाही. सरुबाईची पहार चालूच — आणखी एक वीट — मनगट दिसतंय — आणखी —