वाचनालयाचा मोठा खटका

ता. ४ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला तापमापक न फुटता पोचला. सोबत वायरची गुंडाळी आणि दोन दिवे. हमाल चाळीस मागत होता, तीस दिले.

तापमापक वाचनकक्षात टांगला. दुपारी तीनला छत्तीस अंश! बाहेर सावलीत चौतीस. एसी नको, भिंतीच गारवा देतील, असे तू म्हणाला होतास. भिंतींनी काही ऐकलेले दिसत नाही. म्हातारी मंडळी वर्तमानपत्र घेऊन पायऱ्यांवर बसतात, मुले तर येईनाशीच झाली. काल समितीत अध्यक्ष म्हणाले की, सूर्यावर चालणारे वाचनालय सांगून तुमच्या भावाने आम्हाला भट्टी बांधून दिली. सगळे हसले. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिले.

पंचवीस तारखेच्या सभेत ठरणार आहे. एसी लावायचे, त्यासाठी बाहेरची वीज घ्यायची आणि नव्या शाळेचे काम तुला द्यायचे नाही. कुठे चुकले ते शोध रे बाबा.

माझ्याकडून कसूर नाही. ग्रंथपालबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून दोन महिने किल्ली माझ्याकडे, खजिनदार म्हणून. रोज संध्याकाळी देवाचे नाव घेऊन सगळ्या इमारतीची वीज बंद करणारा मोठा खटका स्वतः पाडते, मगच कुलूप. एक दिवा फुकट जळू दिलेला नाही. तुझे मेहुणे म्हणतात, घरात एवढी पहारेदारी नाही!

वेळेवर जेव. काळजी माझ्यासाठी ठेव.

तुझी ताई

ता. ८ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. गणित माझेच चुकले असणार. दोष आराखड्याचा आहे, उरलेली फी देऊ नये, असे आजच अध्यक्षांना कळवले. शाळेचे मनाला लावून घेऊ नकोस, कामे काय येतात आणि जातात. सभेत माझ्या बाजूने भांडू तर मुळीच नकोस.

एक लहानशी विनंती. आता मोठा खटका पाडू नकोस. रात्रभर चालू राहू दे. का ते विचारू नकोस. छतावरच्या सौर पट्ट्यांनी दिवसभर बॅटरी भरलेली असते, कुणाचे काही जळत नाही.

माया आहे तशी राहू दे.

धाकटा

ता. १५ मे

चि. धाकट्या, आशीर्वाद आहेतच, पण आज राग जास्त आहे.

अकरा तारखेला पत्र आले. त्या संध्याकाळी खटका तसाच ठेवला, जीव नुसता खालीवर. कुलूप लावताना वर घरघर ऐकू आली. पाहते तर छताजवळच्या झरोक्यात पंखा फिरतोय! मी तो शोभेचा समजत होते. दुसऱ्या दुपारी तेहतीस, मग एकतीस, काल एकोणतीस. दोन आजोबा आत येऊन चक्क पेंगले.

ग्रंथपालबाईंच्या घरी गेले. बाळाला थोपटत त्या म्हणाल्या की, रात्रीची गार हवा ओढून भिंती निववायच्या हेच तर सगळे गणित. तू त्यांना दोनदा बजावले होतेस. किल्ली देताना मला सांगायचे राहून गेले. म्हणजे माझे पत्र वाचताच तू ओळखलेस, आणि माझ्या चुकीवर पांघरूण घातलेस! लहानपणी बरणी मी फोडायची आणि बाबांपुढे तू उभा राहायचास. केस पिकले तरी खोड गेली नाही तुझी.

आज सकाळी अध्यक्षांपुढे आकड्यांची वही ठेवली, सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, बहीण भावासाठी असेच बोलणार. त्याची लेखी कबुली माझ्या फायलीत आहे. मला घरापर्यंतचा रस्ता सुधरला नाही.

सभेला दहा दिवस आहेत. ती कबुली मागे घे. नव्या पत्रात ताई हा शब्दही नको. खजिनदार दोन महिने रोज पंखा बंद करत होत्या, असे स्वच्छ लिही. माझ्या दप्तरात आजवर खोटा कागद लागलेला नाही, तुझाही लागू देणार नाही. लिहिलेस एवढे उलट टपाली कळव.

ताई