लांब-आखूड पिसं

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तो उभ्यानेच घातला असं समजावं). तुमचा गुडघा कसा आहे? आणि मामींचा राग? दोन्ही थंडीत वाढतात, म्हणून विचारलं.

पत्रास कारण की, तुमच्या भाच्याचं नाक कापलं गेलं आहे, आणि तेही कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांनी. मी ज्या हॅचरीची व्हॅन चालवतो, तिथे पिल्लांमधले नर-मादी वेगळे करायचं काम एक बाई करतात. सगळे त्यांना पिल्लूबाई म्हणतात (पाठीमागे, समोर नुसतं 'हो' म्हणतात). पिल्लू उचलायचं, पंख उघडून बघायचं आणि या नाहीतर त्या खोक्यात सोडायचं, एवढ्या वेळात माझं शिंकूनही होत नाही. त्यांची मुलगी शेजारी बसून पिल्लं मोजते. ती मला आवडते हे व्हॅनच्या चाकांनाही ठाऊक आहे. तिच्या मनात काय आहे ते मात्र कळायला मार्ग नव्हता, कारण मी दिसलो की ती मोठमोठ्यांदा मोजायला लागायची. शेवटी धीर करून मी थेट आईलाच विचारलं. हातातलं पिल्लू खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "ज्याला नर-मादी ओळखता येत नाही, त्याला मी मुलगी देणार नाही. रविवारी परीक्षा."

मामा, शाळेत मी इतका अभ्यास केला असता तर आज व्हॅनमध्ये मागे बसलो असतो. शिकवायला खुद्द मुलगीच पुढे आली (माझा आनंद गगनात मावेना). पंखाच्या टोकाची पिसं बघायची: एकसारखी असली तर मादी, लांब-आखूड असली तर नर. मी हे अंघोळ करताना घोकलं, गिअर टाकताना घोकलं, शेवटी घरमालकांनी विचारलं की कुणाच्या नावानं जप चाललाय. खोकी बांधणारे काका म्हणाले, पिल्लू उलटं धरावं, गप्प राहिलं तर मादी. (काकांचं लग्न झालेलं नाही.) मी त्यांना हसलो. म्हटलं, काका, आपलं काम शास्त्रशुद्ध.

रविवारी मी अख्खं खोकं निवडलं, एकदाही न अडखळता. मग बाई तपासायला बसल्या. माद्यांच्या खोक्यातून पहिला निघाला तो नर. दुसराही नर. तिसऱ्यानंतर त्यांनी चष्मा पुसला. नरांच्या खोक्यात तर झाडून सगळ्या माद्या! बाई म्हणाल्या, "अरे, डोळे मिटून टाकली असतीस तरी निम्मी बरोबर आली असती!" इतकं चुकायलाही मेहनत लागते हो, पण ते ऐकायला कोण बसलंय? वर एका पिल्लानं माझ्या बाहीत कार्यभाग उरकला. ते नर की मादी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तर मामा, माझं इथलं दाणापाणी उठलं. तुमच्या दुकानात माझ्यासाठी जागा बघा, जिथून पुठ्ठ्याचं खोकं दिसणार नाही अशी. चेष्टा करत नाही, फार वाईट वाटतंय.

तुमचा नापास भाचा

ता. क. जागा बघू नका. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती दारात आली. म्हणाली, तिनं मुद्दामच उलटं शिकवलं होतं, मी नापास होऊन परस्पर टळावं म्हणून. पण एकूण एक पिल्लू चुकलेलं बघून ती विचारात पडली. तिचं म्हणणं असं की पिल्लं ओळखणारे पुष्कळ मिळतील, पण सांगितलेलं इतकं निमूट ऐकणारा नवरा शोधून सापडायचा नाही. आईंनाही ते पटलंय.

आणखी एक ता. क. तेव्हा बोलणी करायला मामींना घेऊन लवकर या. मला तुमच्याशी एका महत्त्वाच्या गोष्टीवर स्पष्ट बोलायचं आहे. माझं म्हणणं काय आहे, ते तिला विचारून कळवतो.