मस्कतहून आलेलं चुरगळलेलं कापड

मुकुंदवाडी,
शनिवार

प्रिय मोईन,

धम्मपालचा जयभीम आणि सलाम, दोन्ही घे. आम्ही सगळे ठीक. तुझी पाठ तिकडच्या एसीत पुन्हा धरली नाही ना? तुझ्या अम्मींची तब्येत ठणठणीत आहे, राग त्यांना मानवतो. दोन ईदा तू आला नाहीस हे त्यांनी गिळलं होतं. पण त्यांच्यासाठी पाठवलेलं ते चुरगळलेलं कापड बघितलं आणि तुझा फोन उचलणंच बंद केलं.

"पोराला आईसाठी सरळ कापड बी मिळालं नाय व्हय?" म्हणत त्यांनी ते शहागंजातल्या बासित इस्त्रीवाल्याकडं दिलं. त्यानं पाणी मारमारून दाबलं, तरी सुरकुत्या पुन्हा उभ्या. (आता तो मलाही नमस्कार करत नाही.) तुझी वकिली आली माझ्या गळ्यात. काठावर इंग्रजीत 'सीअरसकर' छापलेलं. मी पडलो इंग्रजीचा मास्तर! शब्दाचे दोन तुकडे केले, द्रष्टा आणि शोषणारा, आणि ठोकून दिलं की हे कापड घाम शोषतं हे ऋषिमुनींना आधीच दिसलं होतं. अम्मींनी लगेच त्यावर पेलाभर पाणी ओतलं. ते सगळं माझ्या पँटवर आलं.

मग मात्र इरेला पेटून वाचनालयातला जाडा कोश काढला. शब्द मुळात फारसी निघाला: शीर-ओ-शक्कर, म्हणजे दूध आणि साखर! (आपल्या शीरखुर्म्यातला तोच शीर.) सुरकुत्या मुद्दाम विणलेल्या, गुळगुळीत पट्टा दुधाचा, खरबरीत पट्टा साखरेचा. इंग्रजांनी तो शब्द हिंदुस्थानातून उचलला आणि उच्चाराची पार वाट लावली. तसाच रिक्षा करून अम्मींकडं गेलो. त्यांनी डोळे मिटून कापडावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "मोईननं हे बघून घेतलं असंल?" मी व्हय म्हणालो. (तू सेलमधून उचललंस हे मरेपर्यंत बोलू नकोस.) काय बाई आहे रे! चहा निवायच्या आत सगळा राग सोडला. आता गल्लीतल्या प्रत्येकीला आधी हात धुवायला लावून कापड दाखवतात आणि इंग्रजाला नाव बी आमच्याकडूनच न्यावं लागलं म्हणून सांगतात. त्यांचं ते खुललेलं तोंड बघून मला फार बरं वाटलं.

तुझा,
धम्मपाल

ता. क. त्या कापडाचा कुर्ता अम्मी स्वतःला नाही, तुला शिवणार आहेत. फोनवर सांगितलेलं माप त्यांना चालत नाही.

ता. क. पुन्हा. ईदपर्यंत तू आला नाहीस, तर माझं माप घेणार आहेत. आमची विशाखा म्हणते, मला शोभेल. तेव्हा तू सवडीनं ये, मला घाई नाही.