उरलेली दहावी खुंटी

सोम. १० नोव्हें.
विलास, मागच्या रविवारी या वहीच्या पानांचे फोटो पाठवले, ते बघितलेस का? नसशीलच. स्वतःच्या लग्नात मंगळसूत्र घरी विसरलेला तू, तुला आईची पानं कुठली आठवायला. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि तुझी लेक केतकी लिहिते. हात तिचा, कुरकुर माझी.
गुडघे आज फारच. केतकीच्या नव्या कॉम्प्युटरचं सामान आलं. जुना बंद पडला तो पडलाच. अंबडच्या कारखान्याला तिला कॉम्प्युटरवर काढलेला नमुन्याचा नकाशा रविवारपर्यंत द्यायचाय. पसंत पडला तर घरबसल्या नोकरी. नाही तर ती पुण्याला, घराला कुलूप आणि मी तुझ्या मनमाडच्या क्वार्टरमध्ये. मला विचारलंस खरं, पण ठरवून झाल्यावर.

मंगळ. ११
पत्र्याची पेटी जमिनीवर आडवी. तिला कॅबिनेट म्हणायचं. आत मदरबोर्ड बसवायचा, म्हणजे एक पाटी. तिच्याखाली नखाएवढ्या पितळी खुंट्या. केतकीनं नऊ पिळल्या, एक पुडीत उरली. तेवढ्यात सिलिंडरवाला आला, ती खाली गेली. मी पेटीची राखण केली.
मग पाटी बसली. स्क्रू आधी सगळे सैल, नंतर थोडे थोडे आवळत. "एकदम आवळला तर पाटी वाकते, आजी." म्हटलं, तुझ्या बापाला असंच वाढवायला हवं होतं.
(हे लिहू? — लिही.)

बुध. १२
बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. दहादा दाबलं. तेच. केतकी जेवली नाही. "आजी, मीच काहीतरी जाळलं."
तिचं ताट मी दोनदा गरम केलं, दोनदा झाकलं.

गुरु. १३
विचारलं, त्या खुंट्या कशाला गं? म्हणाली, पाटीच्या पाठीला उघडे डाख असतात, ते पत्र्याला टेकायला नकोत. पाटीला भोक असेल तिथेच खुंटी. भलत्या जागी लागली तर वीज भलतीकडे जाते.
"मग पेटीला भोकं जास्त का?"
"वेगळ्या मापाच्या पाट्याही बसाव्यात म्हणून."
दुपारी आडवी झाले. डोळा लागला नाही.

शुक्र. १४
आज ती लिहायला बसली तेव्हा सांगून टाकलं. द्राक्षांच्या पॅकिंगला माझी तीस वर्षं गेली. खोक्यात एक खिळा कमी दिसला की मुकादम अख्खं खोकं परत फेकायचा. मंगळवारी ती खाली गेली. पेटीत भोक रिकामं दिसलं, पुडीत एक खुंटी. बसवली. चांगली घट्ट. हात अजून चालतात म्हणून खूषही झाले.
पेन थांबलं.
"आजी."
"लिही."
"दोन दिवस मी रडतेय."
"मला काल उमगलं. आणि काल तोंड उघडेना."
लिहिलं तिनं. मग

शनि. १५
काल मधेच उठून गेली. आज बोलली. पाटी सोडवली, ती खुंटी पकडीनं काढावी लागली. "बाकीच्याही तूच पिळायला हव्या होत्यास, आजी." चला, टोमणा मारला म्हणजे राग उतरला.
नऊ स्क्रू पुन्हा. बटण मला दाबायला लावलं. पंखा फिरला, थांबला नाही. पडद्यावर चित्र आलं. पण पाटीच्या पाठीला ओरखडा आहे. किती दिवस टिकेल, तिलाही ठाऊक नाही. नकाशा अजून सुरूही नाही.

रवि. १६
पहाटेपासून तिची पाठच दिसतेय. मी शेंगा सोलत बसले. मशीन दोनदा अडखळलं, दोन्ही वेळा माझ्या हातातली शेंग खाली पडली. चारला नकाशा गेला. उत्तर कधी, कसं, काही कळवलेलं नाही.
तुझ्या बायकोला, सुनंदेला सांग, खापरावरचे मांडे पाठव. पुरण गुळाचं. फडक्यात गुंडाळून, डब्यात घाम धरतात. चार पाठव, दोन तिला, दोन मला. नाशिकच्या पत्त्यावर. तो तरी विसरू नकोस, अजून बदललेला नाही.