सगळ्यांची कंबर बत्तीस

मंगळवार, संध्याकाळ. हेंद्रेपाडा.

कॅम्प एक वस्तीतल्या शिंपीकाकांना मी मापांचं ॲप करून दिलंय. दुपारी त्यांचा फोन आला, "पोरी, सगळ्यांची कंबर बत्तीसच दाखवतंय. चार पँट कापल्यावर लक्षात आलं." मी फाडकन म्हटलं, "काका, तुम्हीच चुकीचं टाकलं असणार." असं कसं बोलले मी?

ते म्हणाले, "असेल बाई. दिसत नाही हल्ली नीट."

मग कोड उघडला. कंबर प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी ठेवायची, तर मी अख्ख्या क्लासला, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या सामायिक साच्याला, मिळून एकच ठेवलेली. शेवटचं माप बत्तीस, म्हणून सगळ्यांचं बत्तीस. काकांच्या जुन्या वहीतसुद्धा माणसागणिक पान असतं!

कोड सुधारला. फोन करायचा धीर होईना. आत्ता त्यांचाच मेसेज आला: चष्मेवाल्याकडे बसलोय, नंबर काढायला.