काहीच न मागणारी संघू

परभणी
१६ मे २०२५

प्रिय सत्यशीलावहिनींना,
पिंकीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेले धपाटे खोलीवरच्या मैत्रिणींनी फस्त केले, माझ्या वाट्याला चटणी तेवढी उरली. फोन असताना पत्र कशाला म्हणून दादा हसेल. पण आपल्या घरात मी पाठवलेला आवाज अंगणात मोठ्याने लावून सगळे ऐकतात, आणि हे फक्त तुमच्यासाठी आहे.

वहिनी, रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा. मला संघूची काळजी वाटते. पुढच्या महिन्यात ती अडीच वर्षांची होईल. पौर्णिमेला आले होते तेव्हा मी सारखी तिच्या मागेपुढे होते. नावाने कितीतरी हाका मारल्या, पण तिने मान वळवली नाही. ऐकू येत नाही म्हणावं, तर गाडी स्टेशनात शिरायच्या आधीच तिला चाहूल लागते आणि खिडकीशी उभी राहून ती हात फडफडवते. तरी कान तपासून घेऊच. बिस्कीट हवं असलं की ती बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून डब्यावर नेऊन ठेवते आणि तोंडाकडे बघतही नाही. मी चिमणी दाखवली तर चिमणीकडे बघितलं नाही. वाट्या मात्र तासन्‌तास गरगर फिरवते. आणि मागच्या वर्षी ती ‘आई’ आणि ‘पाणी’ म्हणायची. ते शब्द आता ऐकू येत नाहीत.

मी शिकवते त्या बालवाडीत असाच एक मुलगा होता. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निघालं. संघूला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणारी मी कोण? यातली एखादी गोष्ट असती तर गप्प बसले असते. सगळ्या एकत्र दिसतात म्हणून लिहिते. मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या. लवकर कळलं तर लवकर हात देता येतो.

बाबांना जयभीम, दादाला एक चिमटा. तुमचा राग मला चालेल, अबोला चालणार नाही.

तुमची,
पिंकी


चुडावा, ता. पूर्णा
२५ मे २०२५

कु. पिंकी हिस,
जयभीम.

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं.

मला वाटलं आत्या भाचीशी खेळतेय. तू तर माझ्या लेकीची परीक्षा घेऊन गेलीस. शेजारच्या सरजाबाईंची पोर दिवसभर आईचा पदर सोडत नाही, सारखं हे दे, ते दाखव. माझी संघू एका जागी बसते. काही मागत नाही, कुणाला सतावत नाही. माझा स्वयंपाक होतो, धुणं होतं, दुपारी डोळा लागतो. असं गुणाचं लेकरू मिळायला नशीब लागतं, असं सगळी गल्ली म्हणते. ज्याचा मला अभिमान, तो तुला आजार दिसला.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, तुझा जीवनदादा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि आता ग्रामसभेत त्याच्यापुढे दुसऱ्याला तोंड उघडायला मिळत नाही. आपल्या घरातली लेकरं उशिराच बोलतात. माझ्यापुरता विषय संपला.

तुझं लग्न होऊ दे, तुला लेकरू होऊ दे, मग मला शिकव.

ऊन फार आहे. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

सत्यशीला


चुडावा
१५ जून २०२५

प्रिय पिंकी,
सप्रेम जयभीम. वि. वि.

लग्नाचं ते वाक्य मी रागात लिहिलं. ते तू फाडून टाक.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी संघूकडे बारकाईने बघायला लागले. परवा सरजाबाई ताडकळसच्या बाजाराला गेल्या आणि पोरीला माझ्याकडे ठेवून गेल्या. ती आपल्या संघूपेक्षा लहान आहे. वांगी चिरताना माझं बोट विळीवर कापलं आणि मी जोरात ओरडले. ती पोर धावत आली. आधी बोट बघितलं, मग माझं तोंड बघितलं, आणि मी रडत नसताना तीच रडवेली झाली. फुंकर घालायला लागली, नुसती थुंकी उडवत. संघू माझ्या हाताच्या अंतरावर वाटी फिरवत होती. तिने वळून पाहिलं नाही. मी तिचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, मग रडून दाखवलं. वाटी थांबली तेव्हा तिने ती परत फिरवली.

पिंकी, ती मला सतावत नाही याचं मी कौतुक करत होते. लेकराने आईला सतावायचं असतं गं. मी खूप रडले, आणि मग भाजी फोडणीला टाकली.

जीवनला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, पण बाबांचा शब्द ओलांडायला तयार नाही. बाबा म्हणतात अजून एक वर्ष बघू. त्यांचा तिच्यावर जीव नाही असं नाही. रोज संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन गाडी दाखवायला तेच नेतात. मला एकटीला परभणीचं तिकीट काढता येतं. पण चोरून गेले तर डॉक्टर जे सांगतील ते घरात एकटीनेच, सगळ्यांची तोंडं चुकवत करावं लागेल. मला ते नको. मला सगळं घर पाहिजे.

म्हणून मी विचार केला, जीवन तीन वर्षांचा असताना त्याला रोज कोण बघत होतं? बाबा आणि गेलेल्या आई, दोघंही तेव्हा जिंतूरकडे शाळेवर. जीवन झरीला कमलआत्यांकडे वाढला. आत्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्यांना पत्र टाकलं आहे. तो उशिरा बोलला का, हे विचारलं नाही. बोलता येत नव्हतं तेव्हा त्याला काही हवं असलं की तो काय करायचा, एवढंच विचारलं.

तू डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. बाबा हो म्हणोत की नाही म्हणोत, मी येणार आहे.

माझ्यावर राग धरला असशील तर आता सोड, मला तू लागणार आहेस.

तुझी,
सत्यशीलावहिनी


झरी
२६ जून २०२५

चि. रंगनाथ यास,
बहीण कमलबाईचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुझ्या सुनेचं पत्र आलं. तिनं जीवनचं लहानपण इचारलंय. उत्तर तिला द्यायच्या ऐवजी तुला लिहायलेय, कारण तू त्या वक्ताला हितं नव्हतास. अक्षर वाकडं हाय, समजून घे.

पोरगं बोलत नव्हतं हे खरं हाय. पण गप कुठं बसत होतं? चांद दिसला की माझी हनुवटी धरून तोंड वर करायचं. बैल दिसला, बोट. फुगेवाला दिसला, बोट. मी बघितलं का न्हाई ते परत माझ्याकडं बघून पक्कं करायचं. हाक मारली की जिथं असंल तिथून पळत यायचं. मी रुसले तर माझ्या तोंडात गूळ कोंबायचं. माकडवाला येऊन गेला की आठ दिस घरात माकडच. तोंडात सबद नव्हता, बाकी सगळ्या अंगानं बोलायचं ते.

चौदा एप्रिलला तुमी संघूला घेऊन आला होता. मी तिला मांडीवर घेतलं, तर ती माझ्या बांगड्या फिरवत बसली. माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई. मला वाटलं म्हातारीला भ्याली. आता कळायलंय.

जीवनच्या नावावर ह्या लेकराचा वक्त घालवू नको. तू मास्तर हायस. पोराला साळंत उशिरा घालणाऱ्या बापाला तू वट्ट्यावर बसून किती बोलायचास. आता तूबी दवाखान्यात जा. सुनेला एकटी धाडू नको.

पाऊस बरा हाय, सोयाबीन उगवलंय. लेकराला घेऊन या. मी अजून हाय तवर माया करून घेते.

कमलबाई


चुडावा
२० जुलै २०२५

प्रिय पिंकी,
सप्रेम जयभीम. वि. वि.

नेमकं तुझं प्रशिक्षण नांदेडला निघालं आणि तू दवाखान्यात आली नाहीस. फोनवर निम्मंच सांगितलं, कारण जीवन शेजारी बसला होता. आता सगळं ऐक.

आत्यांचं पत्र बाबांनी ओट्यावर बसून वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. संध्याकाळी संघूला घेऊन स्टेशनवर गेले, परत यायला उशीर केला. त्यांना बघायला गेलेल्या जीवनने नंतर सांगितलं, त्यांनी तिला फलाटावर खाली उतरवलं होतं आणि पाठीमागे उभं राहून नावाने हाका मारत होते. गाडी येऊन निघून गेली तरी मारत होते. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून एवढंच म्हणाले, “सत्यशीला, मीबी येतो.”

कान तपासले, ते ठीक आहेत. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ वेळ दिला, जमिनीवर बसून तिच्याशी खेळून बघितलं. गर्भारपणापासून सगळं विचारलं. मी जिथे अडखळले तिथे बाबांनी उत्तर दिलं, काही झाकलं नाही. त्या म्हणाल्या, स्वमग्नतेची लक्षणं स्पष्ट आहेत. सविस्तर तपासणी पुढच्या महिन्यात होईल, पण शिकवायला त्यासाठी थांबायचं नाही. जीवनने विचारलं, बरी कधी होईल? त्या म्हणाल्या, हा उतरणारा ताप नाही. संघू अशीच असणार, आणि अशीच असून ती शिकणार. किती, ते आज कुणी सांगू शकत नाही. आणि यात कुणाचा दोष नाही. हे मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मला ते ऐकायचं होतं.

परतीच्या गाडीत जीवन सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, दर मंगळवारी परभणीला तिला तो नेईल, कामाचं तो बघून घेईल. ग्रामसभा गाजवणाऱ्या माणसाला एवढं बोलायला परभणी ते चुडावा कमी पडलं.

आता रोज आम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसतो. ती वाटी फिरवते, आम्हीही फिरवतो. बाबा गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण उठत नाहीत. बाबांनी पाणी, बिस्कीट, गाडी अशी चित्रंही काढली आहेत, तिला दाखवून मागता यावं म्हणून. त्यांनी काढलेली गाडी ओळखू येत नाही. गल्लीतल्या बायांना मी स्वतः सांगितलं. एकीने ताईत सुचवला, तर बाबांनी तिला चहा पाजून अर्धा तास शिकवलं. सरजाबाई मात्र पोरीला रोज खेळायला पाठवतात.

अजून ती हाकेला वळत नाही. काही दिवस फार जड जातात, खोटं कशाला लिहू. काल मी संतापून वाटी हिसकावली आणि ती भिंतीवर डोकं आपटत राहिली. नंतर मीच तिच्याजवळ जाऊन आडवी झाले, ती शांत होईपर्यंत. आज पुन्हा बसले.

तू राखीला येशील तेव्हा तिला हाक मारून बघू नकोस. नुसती तिच्या शेजारी जमिनीवर बस. ती तुझ्याकडे बघणार नाही, तरी बस. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहून आपण लोभ मागतो. संघूसाठी मी तो मागते आहे. तिच्याकडून तो परत मिळेल असं धरून चालू नकोस, आणि तरी कर. मी तसाच करते आहे.

तुझी,
सत्यशीलावहिनी